व्हेंटची झडप उघडेना

आर्क्टिक महासागरात पाणबुडीला बर्फाचा धोका असतो असे म्हटले, की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे डोक्यावरचे बर्फाचे छत येते. तो धोका खराच आहे. एकमेकांवर रेटल्या गेलेल्या बर्फाच्या रांगा पाण्याखाली 40 मीटरांहूनही खोल उतरतात, आणि 1957 साली अशाच छतावर आदळून ‘नॉटिलस’ या पाणबुडीच्या पेरिस्कोपांची मोडतोड झाली होती. पण एका अणुपाणबुडीवर बर्फ-निरीक्षक म्हणून काम करताना माझ्या मनावर जो दिवस कायमचा कोरला गेला, त्या दिवशी छताने आमचे काहीही बिघडवले नाही. आम्हाला अडवले ते पाणबुडीच्या अंगावर धरलेल्या बर्फाने.

हिवाळा सरत आला होता. वरच्या दिशेने मोजणाऱ्या सोनारवर आम्हाला दोन जाड हिमपट्टांमधली एक लांबट भेग सापडली. ती नव्याने गोठलेली होती आणि तिच्यावरचा बर्फ जेमतेम अर्धा मीटर जाडीचा होता. अशा ठिकाणी पाणबुडी वेग शून्यावर आणून, टाक्यांतले पाणी हळूहळू बाहेर काढत सरळ वर चढते आणि पाठीवरच्या मजबूत केलेल्या मनोऱ्याने बर्फ फोडते. तसे आम्ही वर आलो. मात्र पाठ पाण्याबाहेर आली ती फुटलेल्या बर्फाच्या लाद्या अंगावर घेऊनच. पाण्याचे तापमान उणे 1.8 अंशांच्या आसपास होते आणि वरच्या हवेचे उणे 30. ओले पोलाद अशा हवेत आले की त्याच्यावरचा पाण्याचा पातळ थर पाहता पाहता गोठतो. पेरिस्कोपच्या काचेवर आणि अँटेनाच्या खांबांवर साय धरली, मनोऱ्याच्या पोकळीत राहिलेले पाणी कडांपासून आत गोठत गेले. वाफेचे पुन्हा पाणी करणाऱ्या कंडेन्सरला थंड पाणी पुरवणाऱ्या तोंडांपाशी बर्फाचा चुरा येऊ लागला, तेव्हा यंत्रकक्षातल्या मंडळींनी गाळण्यांवरच्या दाबावर नजर ठेवून तो त्रास लवकर आटोक्यात आणला.

आम्ही बर्फाचे नमुने घेत असताना वारा फिरला आणि भेगेचे काठ जवळ सरकू लागले. नवा बर्फ एका ठिकाणी दुसऱ्यावर चढताना दिसला, तेव्हा मी कप्तानांना कळवले की जागा फार काळ मोकळी राहणार नाही. त्यांनी बुडण्याची तयारी सुरू केली. बुडण्यापूर्वी बॅलास्ट टाक्यांच्या माथ्यावरच्या व्हेंट झडपा एकेक करून क्षणभर उघडून पाहण्याचा तिथला शिरस्ता होता. पुढच्या उजव्या टाकीची झडप उघडेना. हायड्रॉलिक दाब पुरेसा होता, तरी फलकावरचा दिवा ‘बंद’ अशीच खूण दाखवत राहिला.

याचा अर्थ समजून घेण्यासाठी टाक्यांचे काम ध्यानात घ्यावे लागते. त्यांचे तळ पाण्याला उघडेच असतात. आत कोंडलेली हवा पाणी अडवून धरते, आणि व्हेंट उघडून ती हवा सोडली की पाणी आत शिरून पाणबुडी बुडते. एकाच टाकीत हवा अडकून राहिली, तर नाक वर आणि अंग डावीकडे कललेले अशा अवस्थेत, डोक्यावर बर्फ असताना, खाली जावे लागेल. एका तरुण अधिकाऱ्याने दाब वाढवण्याचे सुचवले, पण मुख्य अभियंत्यांनी ठाम नकार दिला. जोर लावून दांडा वाकला आणि झडप उघडीच अडकली, तर पुढच्या वेळी वर येताना ती टाकी हवा धरून ठेवणार नाही, हे त्यांचे म्हणणे होते. मला ते तेव्हाही पटले आणि आजही पटते.

त्यांच्या या सावधपणामागे एक जुनी घटना होती, आणि तिचा उल्लेख ते वारंवार करत. 10 एप्रिल 1963 रोजी ‘थ्रेशर’ ही पाणबुडी 129 जणांसह अटलांटिकमध्ये बुडाली. नंतर त्याच वर्गातली दुसरी पाणबुडी धक्क्याला बांधून चाचणी घेतली, तेव्हा उच्च दाबाची हवा प्रसरण पावताना इतकी गार झाली, की तिच्यातल्या ओलाव्याचा बर्फ होऊन नळ्यांतल्या गाळण्या तुंबल्या. तिथे आर्क्टिकचा संबंध नव्हता. ओलसर हवा आणि गारठा एवढे पुरेसे होते. आमच्या बाबतीतही अभियंत्यांचा कयास असाच होता. वर आल्यावर टाक्यांत ब्लोअरने भरलेली हवा पाणबुडीच्या आतली, म्हणजे उबदार आणि दमट होती. तिचा ओलावा थंड झडपेच्या बैठकीवर गोठला असावा. त्यात भर म्हणून त्याच जागी बाहेरून बर्फाची एक मोठी लादी बसली होती.

खलाशी दोर बांधून डेकवर उतरले. हातोडे लाकडी होते, कारण लोखंडी अवजाराने बाहेरचे आवरण फाटले असते. गरम पाणी ओतण्याचा मोह कुणालाही होईल, पण ते फटींत झिरपून पुन्हा गोठले असते. म्हणून लादी फोडून बाजूला सारल्यावर वर ताडपत्री ताणली आणि आत विजेवर चालणाऱ्या पंख्याने गरम, कोरडी हवा सोडली. माझे काम काठांमधले अंतर दर काही मिनिटांनी मोजून मनोऱ्यावर सांगण्याचे होते. ते अंतर कमी होत चालले असताना माणसांनी घाई न करता केलेले ते काम मी श्रद्धेने पाहिले. अखेर आतून कळले, की झडप हलली. ती तीनदा उघडून-मिटून पाहिली, सुटलेली हवा ब्लोअरने भरून काढली आणि सर्व जण खाली उतरले.

बुडतानाही बर्फाने आपला हिशेब बदलला. डेकवरचा 10 टन बर्फ पाण्याबाहेर 10 टनांचे ओझे असतो; पाण्याखाली गेला की तोच सव्वा टनाच्या आसपास जोराने वर ओढतो, आणि एखादी लादी मध्येच निसटली की ती ओढही अचानक संपते. समतोल सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याला टाक्यांतले पाणी सतत कमीजास्त करावे लागत होते. दोन लाद्या मनोऱ्याला घासून वर गेल्याचा आवाज आम्ही स्पष्ट ऐकला.

पुढच्या वेळी वर येण्याची जागा ठरवताना कप्तानांनी मला बर्फाच्या जाडीबरोबर तो कसा फुटेल हेही विचारले. मी त्याहून पातळ, अलीकडेच गोठलेली जागा सुचवली. तिथला बर्फ लहान तुकड्यांत फुटून बाजूला सरला, आणि डेकवर पाऊल ठेवताच खलाशांनी पहिल्यांदा व्हेंटच्या जागा साफ केल्या.