तुम्ही विचारलंत म्हणून: प्रवेशाच्या ऑडिशनआधीची धडधड

संगीत विभागांचे प्रवेश सुरू झाले की गाणं शिकणारी मुलं आणि त्यांचे पालक मला हमखास विचारतात, "रियाज व्यवस्थित चाललाय, पण परीक्षकांसमोर बसायचं नुसतं मनात आलं तरी हातपाय गार पडतात. ही भीती घालवायची कशी?"

ती जात नाही, आणि तिच्या मागे लागूही नका. अ‍ॅड्रिनलिन वाढलं की छाती धडधडते, तोंड कोरडं पडतं, श्वास वरच्यावर होतो. गाणाऱ्याच्या बाबतीत त्यातून दोन गोष्टी होतात: षड्ज (सा) हलतो आणि लय चढते, म्हणजे गाण्याचा वेग वाढतो. तयारी या दोन गोष्टींची करायची.

षड्जासाठी मी विद्यार्थ्यांना दोन जिने भरभर चढून यायला सांगते आणि धाप ओसरायच्या आत तानपुऱ्यापाशी बसवते. पहिल्या दिवशी सा डळमळतो. मग नाकाने सावकाश श्वास घेऊन तो लांबवत सोडला की आवाज हळूहळू ताब्यात येतो, हे त्यांचं त्यांनाच समजतं. पुढे परीक्षेच्या खोलीत छाती धडधडली तरी ती अवस्था ओळखीची असते. निवांत बसून केलेल्या रियाजात ही ओळख होत नाही. त्या खोलीतही बंदिशीला (रागात बांधलेल्या गाण्याला) लगेच हात घालू नये. यमन राग गाणार असाल तर मंद्र निषादावर (खालच्या सप्तकातल्या नीवर) थोडं थांबा, मग षड्जावर या. तेवढ्यात गळा जागेवर येतो.

लयीचं दुखणं जास्त अवघड. तबल्याला बहुधा अनोळखी माणूस असतो आणि घाबरलेला गायक त्याला ठरवलेल्यापेक्षा चढी लय देतो. म्हणून आधी मुखडा (बंदिशीची सुरुवातीची ओळ) मनात म्हणा, त्याच चालीने हातावर मात्रा मोजून दाखवा. शिवाय घरी हिशोब करून ठेवा. विलंबित (संथ) एकतालात एका मात्रेला 4 सेकंद धरले तर 12 मात्रांचं आवर्तन, म्हणजे तालाचा एक पूर्ण फेरा, 48 सेकंदांचं होतं. समजा दहा मिनिटं मिळाली आणि द्रुत (जलद) बंदिशीला तीन ठेवली, तर आधीच्या विलंबित ख्यालाला जेमतेम आठ आवर्तनं उरतात. घरी पाऊण तास आळवलेला राग एवढ्यात बसवायचा, तर अंतरा (बंदिशीचा दुसरा भाग) कितव्या आवर्तनाला घ्यायचा हे आधीच ठरलेलं हवं. निम्मी घाबरगुंडी इथेच कमी होते, असा माझा अनुभव आहे.

राग कोणता? ज्यात चुकलात तरी परत वाट सापडते तो. नुकताच शिकलेला मोठा राग नेऊ नका, कितीही आवडत असला तरी. बोलावणं सकाळचं असू शकतं, म्हणून यमनच्या जोडीला भैरव किंवा अल्हैया बिलावल तयार ठेवा.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. परीक्षक मध्येच थांबवतात. "बास, आता द्रुत ऐकवा," असं म्हटलं की मुलांचा चेहरा उतरतो आणि पुढचं सगळं गाणं त्या उतरलेल्या चेहऱ्यानं होतं. मी त्या बाजूलाही बसले आहे. सूर, आवाजाचा पल्ला, रागाची समज हे पहिल्या काही आवर्तनांत कळतं. मग दुसरं काही तपासायचं असतं. एखादी स्वरसंगती गाऊन ती जशीच्या तशी म्हणायला सांगतात, हातावर झपतालाची दुगुण (दुप्पट लय) मागतात. थांबवणं म्हणजे नापसंती नव्हे. तरीही हे नुसतं ऐकून मुलांना पटत नाही, म्हणून घरातल्या कुणाला तरी रियाजात कुठेही तोडायला सांगा. ताई, दादा, आजी, कुणीही चालेल. तोडल्यावर पुन्हा समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) यायची सवय व्हायला हवी.

हल्ली धडधड थांबवणाऱ्या गोळीबद्दलही विचारतात. प्रोप्रॅनोलॉलने धडधड आणि थरथर कमी होते हे खरं, पण दम्याच्या रुग्णाला ती घातक ठरू शकते. मित्राकडून घेऊन तर कधीच खाऊ नये, डॉक्टरांना विचारा.

आणि पालकहो, दाराबाहेर "सगळं आठवतंय ना?" असं विचारू नका. पाण्याची बाटली द्या, तानपुऱ्याची पट्टी लावून झाली आहे का ते पाहा आणि मुलाला एकटं बसू द्या.