फॅरेडे तबकडी : गायब झालेले दहा मिलिव्होल्ट सापडले

फॅरेडे तबकडी म्हणजे चुंबकीय क्षेत्रात फिरणारी धातूची चकती; तिच्या मध्य आणि कडेमध्ये व्होल्टेज तयार होतं. हिशोबापेक्षा मीटरवर दहा मिलिव्होल्ट कमी का, हे मागच्या नोंदीत अडलेलं कोडं सुटलं. तांब्याची तबकडी तीच : ५० मिमी त्रिज्या, २ मिमी जाडी, दोन्ही बाजूंना स्पीकरमधले फेराइट रिंग मॅग्नेट, मिनिटाला ३००० फेरे. चुंबकीय क्षेत्र सगळीकडे ८० मिलिटेस्ला धरलं, तर ईएमएफ (फिरण्याने तयार होणारं व्होल्टेज) म्हणजे अर्धा गुणिले क्षेत्र गुणिले कोनीय वेग (३१४ रेडियन प्रतिसेकंद) गुणिले दोन ब्रशांच्या (तबकडीला टेकणाऱ्या सरकत्या संपर्कांच्या) त्रिज्यांच्या वर्गांतला फरक. शाफ्टवरचा ब्रश ५ मिमीवर, कडेचा ५० वर, म्हणजे ३१.१ मिलिव्होल्ट. मीटरवर मात्र २०.९.

आधी संशय ब्रशवर होता. पण मीटरचा रोध १० मेगाओहम असल्यामुळे प्रवाह जवळजवळ शून्य, त्यामुळे संपर्करोधात काही पडत नाही; ब्रश वाईट असेल तर आकडा नाचतो, पण एक तृतीयांश कमी होत नाही. घर्षणाच्या उष्णतेने येणारा थर्मोइलेक्ट्रिक व्होल्टेज तपासायला मोटर उलटी फिरवली : एका दिशेला +२१.१, दुसऱ्या दिशेला −२०.७. फिरण्याची दिशा बदलली की ईएमएफचं चिन्ह बदलतं, उष्णतेच्या व्होल्टेजचं बदलत नाही. म्हणजे ऑफसेट फक्त ०.२.

उरलं क्षेत्र. एसएस४९ई हॉल सेन्सर (चुंबकीय क्षेत्र मोजणारी चिप) दोन मॅग्नेटमधल्या गॅपच्या मधोमध दर ५ मिमीवर धरला. हा सेन्सर साधारण १०० मिलिटेस्लापर्यंतच सरळ वागतो, त्यामुळे फेराइटला उत्तम, निओडिमियमला निरुपयोगी. शिवाय त्याचं आउटपुट पुरवठ्याच्या प्रमाणात सरकतं. ५ व्होल्ट रेग्युलेटरवरूनच द्या, मोबाइल चार्जरवरून नको.

७.५ मिमीपासून बाहेरच्या दिशेने वाचनं (मिलिटेस्ला) : −१८, −२०, −८, ३५, ७४, ८२, ८३, ७६, ४८.

रिंगच्या भोकात क्षेत्र चक्क उलटं आहे! वेग त्रिज्येबरोबर वाढतो, म्हणून प्रत्येक वाचनाला त्याच्या त्रिज्येने गुणायचं, बेरीज करायची, ५ मिमीने आणि कोनीय वेगाने गुणायचं. उत्तर २१.३ मिलिव्होल्ट. मोजलेल्या २०.९ पासून दोन टक्के लांब. सेन्सर हाताने धरलेला असताना हे फारच छान.

यातली खरी शिकवण कडेला आहे. शेवटच्या ५ मिमी पट्ट्यात तबकडीचं १९ टक्के क्षेत्रफळ, आणि २२ मिमी त्रिज्येच्या अख्ख्या भोकातही जवळपास तेवढंच. कडेचं वाचन सैल घेतलं तर सगळा हिशोब ढासळतो. म्हणूनच ६० मिमी त्रिज्येची तबकडी कापायचा बेत रद्द : रिंगच्या बाहेर क्षेत्र पुन्हा उलटतं, मोठी तबकडी व्होल्टेज खाईल.

आणि हे लिहिता लिहिताच सुचलं : आतला ब्रश शाफ्टवर कशाला? चिन्ह १८ मिमीच्या आसपास बदलतं. तिथे, तबकडीच्या सपाट पृष्ठावर ब्रश ठेवला तर उलटा भाग मोजणीतून बाहेर जातो आणि हिशोब २२.२ वर चढतो. कमी तांबं, जास्त व्होल्टेज! ४ मिमी रुंदीचा कॉपर-ग्राफाइट ब्रश मॅग्नेटच्या भोकातून आत उतरतो, होल्डर मात्र प्लास्टिकचा हवा. त्यामुळे बॅक-प्लेटचं (मॅग्नेटच्या मागे लावायच्या पोलादी चकत्यांचं) काम पुढे ढकललं आहे. आधी हा होल्डर, मग दोन्ही मॅग्नेटच्या मागे त्या चकत्या आणि क्षेत्राची नवी मोजणी.