गणपतीतल्या दहा रात्री

महापालिका रुग्णालयाच्या मनोविकार विभागात नवीन रुग्णाचा इतिहास आधी आम्ही सोशल वर्कर घेतो, मग केस पेपर डॉक्टरांकडे जातो. त्या मंगळवारी भांडुपहून एक आई वीस वर्षांच्या मुलीला घेऊन आली. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) हातातल्या पिशवीत तीन फायली होत्या. "ताई, तीन डॉक्टर झाले, गुण नाही," असं म्हणून तिने त्या टेबलावर ठेवल्या.

फायली पाहिल्या, तर तिघांत डॉक्टर एकच. पहिली फाईल समुपदेशकाची: आठ बैठका, आणि लेटरहेडवर तीन महिन्यांच्या ऑनलाइन कोर्सचा उल्लेख. दुसरी एका चाचणी केंद्राची. तिथे बुद्ध्यांक काढला होता. खाली सही होती, पण नोंदणी क्रमांक नव्हता. तिसरी फाईल फॅमिली डॉक्टरांची: नैराश्यावरची गोळी एस्सिटालोप्राम १० मि.ग्रॅ., सुरू करून १८ दिवस झालेले. तिन्हींत 'डिप्रेशन' लिहिलेलं, आणि त्या वेळी ते खोटंही नव्हतं. मुलगी दोन महिने अंथरुणाला खिळली होती.

आता मात्र ती खुर्चीत बसत नव्हती. नऊ दिवस झोप तीन तास, बोलणं अखंड, वडिलांच्या कार्डावर ४६ हजारांची खरेदी. घरच्यांना वाटलं, गोळी लागू पडली.

अशा वेळी एक प्रश्न विचारावाच लागतो: यापूर्वी कधी अगदी कमी झोपूनही ती ताजीतवानी असायची का? आई थोडा वेळ गप्प राहिली. "मागच्या गणपतीत. मखर एकटीनं केलं. दहा रात्री दोन तासांच्या वर झोपली नाही. सगळ्यांनी कौतुक केलं." मग आवाज खाली आणून म्हणाली, "माझा भाऊ ठाण्याला होता." ठाण्याला म्हणजे मनोरुग्णालयात, हे मुंबईत कुणाला विचारावं लागत नाही.

उदासीचा काळ आणि उन्मादाचा, म्हणजे झोप कमी आणि उत्साह-बोलणं अफाट असा काळ आलटूनपालटून येतात, त्याला बायपोलर म्हणतात. त्यात नुसती नैराश्याची गोळी दिली, तर रुग्ण उन्मादात जाऊ शकतो. आठ बैठकांत गणपतीतल्या त्या रात्रींबद्दल कुणी विचारलंच नव्हतं, आणि मला सगळ्यात जास्त वाईट वाटलं ते याचं.

मनोविकारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएस करून पुढे मनोविकारशास्त्रात एमडी, डीएनबी किंवा डीपीएम झालेले डॉक्टर. आमच्या मॅडमनी एस्सिटालोप्राम बंद केलं आणि रक्त तपासायला पाठवलं. टीएसएच ही थायरॉइडची चाचणी यासाठीही, की थायरॉइड वाढल्यावरही माणूस असाच दिसतो. मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन आणि गर्भधारणेची चाचणी, या लिथियम हे मन स्थिर ठेवणारं औषध सुरू करण्याआधीच्या. मुलगी खातपीत होती, जिवाला धोका नव्हता, घरी लक्ष ठेवायला माणसं होती, म्हणून भरती केलं नाही.

आई हट्टाला पेटली, "आलोच आहोत तर बुद्ध्यांकाची टेस्टपण करून द्या, कॉलेजला कागद हवाय." आमच्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्टनी नकार दिला. उन्मादात लक्ष टिकत नाही, आकडा खरा येत नाही, आणि चुकीचा आकडा कागदावर कायमचा राहतो. मन स्थिर झाल्यावर चाचणी. त्यानंतर झोपेचं वेळापत्रक आणि आजार उलटण्याच्या खुणा ओळखण्यावर बैठका. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट औषध लिहीत नाहीत. त्यांची एम.फिल. किंवा तत्सम मान्य पदवी असते आणि भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते. तो क्रमांक मागितला तर चांगला माणूस रागावत नाही.

गोंधळ व्हायला आपली भाषाही कारण आहे. वर्तमानपत्रं 'मानसोपचारतज्ज्ञ' हा एकच शब्द मनोविकारतज्ज्ञ आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट दोघांनाही लावतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात मनोविकारतज्ज्ञ, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, मानसिक आरोग्य परिचारिका आणि सायकियाट्रिक सोशल वर्कर यांच्या व्याख्या आहेत, समुपदेशकाची नाही. समुपदेशकाची पाटी एम.ए. केलेलेही लावतात आणि तीन महिन्यांचा कोर्स केलेलेही. परीक्षेचा ताण, घरातलं दुःख, नात्यातली कुरबुर यांत चांगल्या समुपदेशकाचा मोठा आधार होतो. पण झोप उडाली, कुणाला आवाज ऐकू येऊ लागले किंवा मरणाचे विचार आले, तर त्याने त्याच दिवशी पुढे पाठवायला हवं.

उरलेलं काम माझं होतं. कार्ड आणि यूपीआयचा पिन काही आठवडे वडिलांकडे, गोळ्यांचा डबा आईकडे. लिथियम चालू असताना पाणी भरपूर, जेवणातलं मीठ अचानक कमी करायचं नाही. ब्रुफेन, डायक्लोफिनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या विचारल्याशिवाय नाहीत, कारण त्यांनी रक्तातलं लिथियम वाढतं. हात जोरात थरथरले, तोल गेला, जुलाब-उलट्या झाल्या, तर पुढची गोळी न देता थेट रुग्णालय.

आईने हे सगळं केस पेपरच्या मागे लिहून घेतलं. आठवड्यानंतरची लिथियम पातळीची चिठ्ठी दोनदा वाचली आणि विचारलं, "म्हणजे रात्रीच्या गोळीनंतर बारा तासांनी रक्त द्यायचं, आणि सकाळची गोळी रक्त दिल्यावर. बरोबर ना, ताई?"