एक पास, पन्नास प्रवासी

२०२०-२१ मध्ये भारतीय रेल्वेने सुमारे १२५ कोटी प्रवासी नेले. १९५०-५१ मध्ये हा आकडा सुमारे १२८ कोटी होता. सोलापुरात आमच्या डेस्कवर हे दोन आकडे एकाखाली एक आले आणि वृत्तसंपादकांनी उभ्या उभ्या मथळा ठरवला: ‘रेल्वे सत्तर वर्षे मागे’.

आकड्यांची चौकट आमच्याकडे पानावर जागा उरली तरच लागते. ती माझ्या वाट्याला येते आणि मी ती जीव लावून करते. मूळ तक्ता दशलक्षांत असतो, त्याचे कोटी करायचे. वर्ष एप्रिल ते मार्च. त्यामुळे २०१९-२० मध्ये टाळेबंदीचा जेमतेम एक आठवडा येतो, मार्चचा शेवटचा. खरी दरी पुढच्या स्तंभात. घाईत काम करणारे तिथे नुसतं ‘२०२०’ लिहून मोकळे होतात, याचा मला मनस्वी राग येतो.

घसरण खरीच होती. २०१८-१९ चे ८४४ कोटी आणि दोन वर्षांत १२५. तरी मथळा पटेना. म्हणून प्रवासी-किलोमीटरचा, म्हणजे सगळ्या प्रवाशांनी मिळून कापलेल्या अंतराचा तक्ता उघडला. १९५०-५१ मध्ये एक प्रवासी सरासरी ५२ किलोमीटर जायचा, २०२०-२१ मध्ये १८५ च्या आसपास. माणसं जवळपास तेवढीच, अंतर साडेतीनपट. मग मागे गेलं ते काय?

समोर एक निवृत्त बुकिंग क्लार्क बसले होते, पत्नीच्या पुण्यस्मरणाची जाहिरात द्यायला आलेले. स्क्रीनकडे बघून म्हणाले, “ताई, यात लोकलचे किती ते आधी बघा. आणि पासवाले. महिन्याचा एक पास म्हणजे पन्नास प्रवासी धरतात. पंचवीस दिवस, जाऊन-येऊन. माणूस तापाने घरी पडला तरी पन्नासच.”

इतकी वर्षं मी तो रकाना माणसांचा समजून वाचत होते. तो प्रवासांचा आहे, आणि त्यातला मोठा हिस्सा असा धरून चाललेला. २०१८-१९ मध्ये निम्म्याहून जास्त प्रवासी उपनगरी गाड्यांचे होते. टाळेबंदीत मुंबईची लोकल सर्वसामान्यांना बंद झाली, देशभर पॅसेंजर गाड्या थांबल्या. जवळचा माणूस तक्त्यातून गेला, लांबचा राहिला. म्हणूनच सरासरी अंतर वाढलं. सिद्धेश्वर एक्स्प्रेसला वेटिंग आणि देशाचा आकडा खाली, दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं.

वृत्तसंपादक म्हणाले, “वाचकाला एवढं खोल नको असतं.” हे मला अजिबात मान्य नाही. मोहोळ-कुर्डुवाडीकडून रोज ये-जा करणाऱ्याला पास म्हणजे काय ते आम्हा डेस्कवाल्यांपेक्षा जास्त कळतं. शेवटी मथळा त्यांचाच राहिला. त्याखाली अंतराचा दुसरा आलेख मी भांडून लावून घेतला.

माझं समाधान झालेलं नाही. २०२३-२४ चा आकडा ६९० कोटींच्या घरात आहे, म्हणजे २०१८-१९ पेक्षा दीडशे कोटींनी कमी. ही माणसं एसटीकडे वळली, दुचाकीवर गेली, की घरूनच काम करू लागली आणि पास काढायचे थांबले? बारा लाख लोकांनी वर्षभर पास काढला नाही, तर तेवढ्यानेच बहात्तर कोटी कमी होतात. कुर्डुवाडीच्या तिकीट खिडकीपाशी बसून लोकांना विचारायला मी दोन दिवस मागितलेत. अजून होकार आलेला नाही.