हरवलेला ळ

आज भाचीची निबंधाची वही चाळत बसले होते. 'शाला', 'पानी', 'वेल नाही मिळाला'. आधी डोक्यात तिडीकच गेली. मग मोठ्यानं वाचायला लावलं, तर बाईसाहेब शाळा, पाणी, वेळ सगळं खणखणीत म्हणतात! दिवसभर मैत्रिणींशी रोमन लिपीत चॅटिंग. तिथे न आणि ण एकच, ल आणि ळही एकच. तीच सवय पेनात उतरलेली.

रागवायला तोंड उघडलं, पण आपले एसएमएसचे दिवस आठवले. एका मेसेजमध्ये इंग्रजी अक्षरं १६०, देवनागरी जेमतेम ७०, तीही काना-मात्रा वेगळ्या मोजून. मग काय, रोमन मराठी, त्यातही स्वर गाळलेले. (पैसे वाचवायला हो, आळस नव्हे. बरं, थोडा आळसही.) फरक एवढाच, ण-ळ आमच्या हातात आधीच पक्के बसले होते. हिचं दोन्ही एकदमच चाललंय.

म्हटलं, निदान मला तरी देवनागरीत मेसेज करत जा. तर म्हणते, "मावशी, ळ शोधायला किती वेळ जातो गं!"

त्या 'वेळ'मधला ळ मात्र अगदी शुद्ध.