तुम्ही विचारलंत म्हणून: न छापलेले कागद

‘ताई, जे कुठे छापलंच नाही ते तुम्ही कोशात आधार म्हणून कसं काय देता?’ हा प्रश्न मला इतक्या जणांनी इतक्या सुरांत विचारलाय की हल्ली तो पुरा व्हायच्या आतच माझा आवाज चढतो. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ लिहिणाऱ्या टॉल्किनच्या दुनियेवरच्या आमच्या चाहत्यांच्या इंटरनेटवरच्या कोशात मी नोंदी लिहिते. त्यातल्या काहींच्या तळटिपेत पुस्तकाचं नाव आणि पान नसतं. अमेरिकेतल्या मिलवॉकीच्या मार्क्वेट विद्यापीठात ठेवलेल्या टॉल्किनच्या हस्तलिखित कागदांची मालिका, पेटी आणि फोल्डर यांचे क्रमांक असतात. तेवढ्यावरून मी कोश नासवतेय असं काहींचं मत आहे. तर एकदाच सविस्तर लिहिते.

आधी एक गोष्ट. हे कागद कुणाच्या ट्रंकेतून पळवलेले नाहीत. टॉल्किननं 1957 साली ते 1500 पौंडांना मार्क्वेटला स्वतःच विकले. ग्रंथालयाला विकलेले कागद पुढेमागे कुणीतरी उघडून वाचणार, हे ऑक्सफर्डच्या प्राध्यापकाला वेगळं सांगायला नको.

आणि ‘छापील’ म्हणजे काय हो? त्या दुनियेच्या जुन्या कथांचं पुस्तक, सिल्मॅरिलियन, 1977 साली आलं, टॉल्किन गेल्यावर चार वर्षांनी, मुलगा ख्रिस्तोफर यानं संपादित केलेलं. त्यात एल्फ लोकांचा राजा गिल-गलाड हा फिंगॉनचा मुलगा आहे. आपण सगळ्यांनी तसंच लिहिलं, वंशावळी काढल्या. मग 1996 साली, बापाचे खर्डे छापणाऱ्या बाराखंडी इतिहासाच्या शेवटच्या खंडात, ख्रिस्तोफरनं स्वतःच सांगितलं की बापाचा शेवटचा विचार तो नव्हता. त्या शेवटच्या विचारानुसार गिल-गलाड ओरोड्रेथचा मुलगा, आणि हे कुळ आपण पुस्तकात मोघमच ठेवायला हवं होतं. म्हणजे 19 वर्षं खरा मजकूर न छापलेल्या कागदावर होता आणि छापील पानावर संपादकाची निवड. त्या काळात कुणी कागद पाहून तळटीप दिली असती तर तिला आपण हाकलून दिलं असतं. गॅलाड्रिएल या एल्फ राणीचंही तेच. ऑगस्ट 1973 मध्ये, मरणाच्या महिनाभर आधी, म्हातारा तिला एल्फांच्या बंडातून पार बाजूला काढत होता. पुस्तकात मात्र ती बंडखोरांतच राहिली.

हे सगळं मी सोलापूरच्या सरांनाही ऐकवलं होतं.

सर म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले गृहस्थ. कोशातल्या पहिल्या युगाच्या निम्म्या नोंदी त्यांच्या हातच्या. आम्ही दोघं मराठी आहोत हे बऱ्याच उशिरा कळलं, तोवर एकमेकांची इंग्रजी दुरुस्त करत होतो. नंतर ते मला ‘ताई’ म्हणू लागले. बाराच्या बारा खंड त्यांनी जुन्या पुस्तकवाल्यांकडून एकेक करून जमवलेले, काहींची पानं सुटलेली. एखादी ओळ कुठल्या खंडात, कुठल्या पानावर, हे त्यांना तोंडपाठ. मी शिकागोला राहते; मिलवॉकी रेल्वेनं दीड तासावर. मला तिथं जाता येत होतं, एवढाच आमच्यातला फरक.

तिथं फोटो काढता येत नाहीत. पेन्सिलीनं टिपून घ्यायचं. डोळ्यांसमोर येते ती बहुतेक वेळा मूळ पान नव्हे, पानाची प्रतिमाच. आणि टॉल्किनची सवय माहीत आहे ना? आधी पेन्सिलीनं भराभर लिहायचं, मग त्याच ओळींवर शाईनं पक्का खर्डा. खालची पेन्सिल कुठे खोडलेली, कुठे शाईआडून डोकावणारी. अशाच एका पानाच्या समासात मला एका ओढ्याचं जुनं नाव दिसलं, इतिहासाच्या खंडांत न आलेलं. मधलं अक्षर ‘यू’ होतं. नुसतं पाहिलं तर ‘एन’ही वाटेल; पण त्याच पानावरचा त्याचा ‘एन’ मी शेजारी ताडून पाहिला, त्याची पहिली रेघ वरून खाली येते, याची येत नाही. तासभर मी त्या एका अक्षरावर घालवला. परत आले आणि नोंदीत एक ओळ घातली, तळटिपेसकट.

सरांनी ती दुसऱ्या दिवशी काढली. कारण दिलं: छापील आधार नाही. मी परत घातली. त्यांनी पुन्हा काढली आणि मला लिहिलं, ‘ताई, हे मी कुठे पाहू?’ मी पेटी-फोल्डर लिहून पाठवलं. त्यांनी विचारलं, ‘म्हणजे मिलवॉकीला येऊन?’ मी म्हटलं, हो, तिथं कुणालाही पाहता येतं. हे वाक्य मी किती सहज लिहिलं! मुलीच्या पदवीदान समारंभाला निघालेल्या सरांना व्हिसा मिळाला नव्हता, हे मला नंतर, तिसऱ्याकडूनच कळलं.

मग मी भांडारकर संस्थेचं उदाहरण काढलं. पुण्याची मुलगी दुसरं काय काढणार? महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठी 1259 हस्तलिखितं पाहिली, पाठभेद फेकून न देता पानाखाली मांडले, तसंच आपणही करू, असं बरंच काही. सरांचं उत्तर चार ओळींचं होतं. ‘संस्थेनं खंड छापले, मॅडम. कुठल्या पोथीत काय आहे ते मला सोलापुरात बसून दिसतं. तुम्ही मला तुमची वही दाखवताय. म्हणजे आता आधार टॉल्किन नाही, आधार तुम्ही.’

‘ताई’चं ‘मॅडम’ झालं तेव्हाच मला समजायला हवं होतं. त्यानंतर त्यांनी कोशात काही लिहिलं नाही. मी दोनदा निरोप पाठवले, दिवाळीला फराळाचा फोटोही, उत्तर नाही. त्यांच्या नोंदींवर आता कुणीही येऊन बोटं फिरवतं आणि ते थांबवायला येत नाहीत.

सरांचं बरोबर होतं का? अक्षर ‘यू’च आहे, यावर मी आजही ठाम आहे. पण त्यांचा सवाल अक्षराचा नव्हताच.

यातली गंमत अशी की पुण्यात असताना मी स्वतः सरांच्या बाजूची होते. ‘पान दाखवा, नाहीतर ओळ काढा,’ असं नवख्यांना बजावणारी मीच. ती मुलगी मला आज म्हणते, तुला तिकीट परवडायला लागलं तशी तुझी तत्त्वं बदलली. मी तिला गिल-गलाड ऐकवते. ती म्हणते, गिल-गलाडचं ख्रिस्तोफरनं छापलं म्हणून तुला कळलं, पेटी उघडून नव्हे. यावर माझ्याकडे उत्तर नाही. पण जे कागदावर डोळ्यांनी पाहिलं ते पाहिलंच नाही असं दाखवून नोंद लिहायची, हेही मला जमत नाही. ते खोटंच की.

‘मग प्रतिमा चढवा ना,’ असं म्हणणारे असतात. कशी चढवू? इंग्लंड-अमेरिकेत न छापलेल्या मजकुरावर 2043 संपेपर्यंत वारसांचा हक्क आहे. आपल्याकडे तर मरणोत्तर लेखनाची 60 वर्षं छापल्यानंतर सुरू होतात. त्यामुळे एखादं नाव, एखादी तारीख स्वतःच्या शब्दांत सांगायची, उतारा नाही.

सध्या मी असं करते: कागदावरचं काही मुख्य मजकुरात घालत नाही, खाली वेगळ्या भागात देते. वाचन कुणाचं ते स्पष्ट लिहिते, अक्षर शंकास्पद असेल तर प्रश्नचिन्ह टाकते. ख्रिस्तोफरनंसुद्धा बापाच्या अक्षरापुढे कितीदा टाकलंय. यानं सरांचं समाधान झालं नसतं, हे माहीत आहे. कडक मंडळींचं आजही होत नाही, आणि उत्साही मंडळींना हे भित्रेपणाचं वाटतं.

ओढ्याची ती ओळ मी खालच्या भागात ठेवली आहे, पेटी-फोल्डरसकट. तुमच्यापैकी कुणी मिलवॉकीला गेलंच तर ते पान काढून बघा. मधलं अक्षर ‘एन’ वाटलं तर तसं लिहा, माझ्या नावाखाली तुमचं नाव घाला. मी वाद घालेनच, पण तुमची ओळ काढणार नाही.