आमची वाटचाल : घाबरलेल्या जनावराला वेळ देताना

सांगली-मिरज रस्त्याला विश्रामबागेत आमचं कुत्र्या-मांजरांच्या ग्रूमिंगचं (अंघोळ, केस, नखं) आणि बोर्डिंगचं (मालक बाहेरगावी असताना सांभाळायचं) दुकान आहे. २०१७ साली एक गाळा, एक टेबल, एक ड्रायर आणि मदतीला एक मुलगा एवढ्यावर सुरुवात केली. आता मागच्या बाजूला बोर्डिंगच्या खोल्या झाल्या, मांजरांची खोली वेगळी झाली, माणसं वाढली. जागा वाढल्याचं समाधान आहेच. पण आज आमच्याकडे इस्लामपूर-तासगावहून लोक जनावरं घेऊन येतात ते जागा बघून नाही. आपलं कुत्रं इथं थरथरत नाही, हे त्यांनी पाहिलेलं असतं.

मी मूळची आटपाडी तालुक्यातली. वडिलांकडे खिलार बैल होते, खरसुंडीच्या बाजारातून आणलेले. खिलार जात तापट, परक्या माणसाला अंगाला हात लावू देत नाही. वडील बैलाजवळ कधी थेट पाठीमागून गेले नाहीत. आधी आवाज द्यायचे, मग खांद्याच्या बाजूनं जवळ जायचे, हात मानेवर ठेवायचे आणि तो न उचलता पाठीवरून, मांडीवरून खाली खुरापर्यंत न्यायचे. खुराला पत्री (नाल) मारायला माणूस आला तरी पाय वडीलच हातात घ्यायचे. हे कुणी त्यांना शिकवलं नव्हतं आणि त्यांनीही आम्हाला बसवून शिकवलं नाही. आम्ही बघत मोठे झालो.

ग्रूमिंग शिकायला मी पुण्यात एका ठिकाणी होते. तिथली पद्धत वेगळी होती, आणि तेव्हा बहुतेक ठिकाणी तशीच होती. कुत्रं टेबलावर चढवायचं, गळ्यात फास अडकवायचा, हललं तर दोघांनी दाबून धरायचं, चावायला आलं तर तोंड बांधायचं, आणि तासाभरात पुढचं घ्यायचं. काम चोख व्हायचं. कात्रीचा हात मी तिथंच कमावला, त्याबद्दल त्या लोकांची मी ऋणी आहे. पण तेच कुत्रं महिन्याभरानं परत आलं की गेटातच चारी पाय रोवून बसायचं, आणि त्याच्या कार्डावर ‘चावरं’ असं लिहिलेलं असायचं.

चावरं म्हणजे बहुतेक वेळा भ्यालेलं. ही गोष्ट मी आजही प्रत्येक नव्या मुलाला पहिल्या दिवशी सांगते. चावण्याआधी कुत्रं बऱ्याचदा बरंच काही सांगून गेलेलं असतं. समोर खायला काही नसताना जीभ ओठांवरून फिरवतं, झोप नसताना जांभई देतं, तोंड वळवून डोळ्याच्या कडेनं असं बघतं की बुबुळाशेजारचा पांढरा भाग दिसतो. एक पंजा उचलून धरतं, कान मागं टाकतं, शेपूट पायात घालतं. उन्हाळा नसताना धापा टाकतं. टेबलावर अचानक केसांचा सडा पडायला लागतो. एवढं सांगूनही समोरचा माणूस थांबला नाही, की मग गुरगुरणं आणि दात. गुरगुरल्याबद्दल फटका मारला, तर पुढच्या वेळी ते न गुरगुरताच चावतं. मांजर तर याहून अवघड. भ्यालेलं मांजर पुष्कळदा अगदी स्तब्ध बसतं आणि मालक म्हणतात, ‘किती गुणी आहे बघा.’ अंग चोरून, बाहुल्या मोठ्या करून बसलेलं ते मांजर गुणी नसतं, गोठलेलं असतं. एका डॉक्टरांनी मला सांगितलं होतं, की नुसत्या भीतीनंसुद्धा मांजराच्या रक्तातली साखर वाढते, त्यामुळे दवाखान्यात केलेल्या तपासणीचा अर्थ लावणं कठीण जातं.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला महापूर आला. सांगलीतल्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, जिथं ४५ फूट ही धोक्याची पातळी मानतात. आमच्या दुकानापर्यंत पाणी आलं नाही, पण गावभागातली, सांगलीवाडीची माणसं घरं सोडून निघाली आणि ज्यांना जमलं त्यांनी जनावरं आमच्याकडे आणून सोडली. होत्या तेवढ्या खोल्या भरल्या, मग आमच्या घरातही ठेवली. काही कुत्री गच्चीवर दोन-दोन रात्री काढून, बोटीतून आली होती. त्यांतला एक लॅब्रॅडॉर, ज्याला पूर्वी नळाखाली बसायला आवडायचं, तो बादलीत पाणी सोडल्याचा आवाज आला की भिंतीला चिकटून लघवी करायचा. त्याच्या अंगाला चिखल वाळून घट्ट बसला होता, खाली कातडी लाल झाली होती, अंघोळ तर घालायलाच हवी होती. दाबून धरलं असतं तर घातलीही असती. मला ते करवेना. ओल्या पंचानं, हातभर जागा एका वेळी, असं पुसत पुसत काही दिवसांत आम्ही त्याला स्वच्छ केलं. वडिलांचा हात मला त्या दिवसांत फार आठवला. आणि हेही कळलं की माझ्या एकटीच्या मायेवर दुकान चालणार नाही. हाताखालच्या प्रत्येकाला हे रीतसर यायला हवं.

रीतसर शिक्षण शोधायला लागले तेव्हा अमेरिकेतल्या ‘फिअर फ्री’ या अभ्यासक्रमाची माहिती मिळाली. डॉ. मार्टी बेकर या पशुवैद्यांनी २०१६ मध्ये तो सुरू केला, आधी दवाखान्यातल्या लोकांसाठी, नंतर ग्रूमिंग आणि बोर्डिंगवाल्यांसाठीही. त्यांच्याही आधी डॉ. सोफिया यिन यांनी कुत्र्या-मांजरांना ताण न देता हाताळण्याच्या पद्धती नीट मांडून ठेवल्या होत्या, आणि गुरांच्या बाबतीत टेंपल ग्रँडिन यांनी. हे सगळं ऑनलाइन शिकता येतं. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये दुकान बंद होतं, तेव्हा मी तेच करत बसले.

अडचण भाषेची होती. माझ्याकडची मुलं कुपवाड, बुधगावची, मराठी माध्यमातली. हुशार होती, हात हलके होते, पण इंग्रजी व्याख्यानं ऐकून परीक्षा देणं त्यांना जड जात होतं. मग एकेक धडा मी आधी पाहायचा आणि रात्री फोनवर सगळ्यांना आपल्या भाषेत सांगायचा, असं सुरू केलं. मुसकं, दावं, बुजणं, हे शब्द त्यांच्या घरचेच होते. त्यातला एक धडा हात कुठून सुरू करायचा यावर होता: जिथं जनावराला स्पर्श आवडतो तिथं आधी हात ठेवा, आणि तो न उचलता जिथं काम आहे तिथवर सरकवत न्या. मी सांगून संपवायच्या आत एक मुलगा म्हणाला, ‘ताई, आमचे आजोबा म्हशीला असंच करतात.’

त्या प्रशिक्षणातून आमच्या रोजच्या कामात काय बदललं ते सांगते, कारण पुष्कळ मालक हेच विचारतात. टेबलावर रबरी चटई आली. पाय घसरला की कुत्र्याचा धीर तिथंच सुटतो. मोठ्या कुत्र्यांचं काम शक्यतो जमिनीवर बसूनच करतो. समोरून वाकून डोक्यावर हात ठेवायचा नाही, बाजूला बसायचं आणि त्याला वास घेऊ द्यायचा. मोठा ड्रायर काढला आणि कमी आवाजाचा घेतला. आवाजाची पट्टी हर्ट्झमध्ये मोजतात. माणसाला साधारण २०,००० हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, कुत्र्याला त्याच्या दुपटीहून वरचे आणि मांजराला त्याच्याही वरचे. आपल्याला जो आवाज नुसता मोठा वाटतो, त्यात त्यांना काय काय ऐकू येत असेल याचा विचार पूर्वी कुणी करत नव्हतं.

खाणं हे आमचं मुख्य हत्यार. उकडलेल्या चिकनचे नखाएवढे तुकडे, पनीर, मांजरांना उकडलेल्या मासळीचा चुरा. एक नख, एक तुकडा. कुत्र्यानं पाय काढून घेतला तर पाय सोडायचा, पुन्हा मागायचा. तुकडा तोंडाजवळ नेऊनही एरवीचं खादाड कुत्रं खात नसेल, तर ती वरच्या पायरीची भीती समजायची. भीती आणि ताण ० ते ५ असा मोजायची पद्धत आहे. तो आकडा आम्ही प्रत्येक जनावराच्या कार्डावर लिहितो. तीनच्या वर गेला आणि काम तातडीचं नसेल, तर त्या दिवशीचं काम थांबतं. मुसकं अजूनही वापरतो, पण जाळीचं, ज्यातून धाप टाकता येते आणि खाताही येतं. आणि ते आधी खाऊच्या वाटीसारखं ओळखीचं करून मगच चढवतो. काही जनावरांची भीती एवढ्यानं हटत नाही. त्यांना आम्ही डॉक्टरांकडे पाठवतो. ते तपासून, गरज असेल तर येण्याआधी घरी द्यायचं औषध लिहून देतात. माणसाची झोपेची गोळी कुत्र्याला देऊन आणणारे लोक भेटतात, त्यांना मी हात जोडून सांगते की हे कधीही करू नका.

धंद्याच्या हिशेबानं हे सोपं गेलं नाही. दिवसाला जेवढी कुत्री व्हायची त्याच्या निम्म्यावर आलो. दर नगावर होता तो लागेल त्या वेळेप्रमाणे केला. ‘दोनच पायांची नखं काढली आणि पैसे पुरे?’ असं विचारून काही जुनी गिऱ्हाइकं गेली, आणि त्यांचं म्हणणं मला समजतं, कारण पैसे मोजणाऱ्याला काम दिसावं लागतं. तेव्हापासून उरलेल्या दोन पायांसाठी आम्ही पुन्हा पैसे घेत नाही. माझ्या मिस्टरांनी वही पुढ्यात घेऊन दोनदा मला विचारलं, की हे झेपणार आहे का. झेपलं ते बोर्डिंगमुळे. ज्याचं कुत्रं नखं काढताना आमच्याकडे बिनघोर बसतं, तो लग्नाला जाताना त्याला आमच्याकडेच ठेवतो. मुलांच्या हातांवरचे ओरखडे आणि चावेही कमी झाले. तरी रेबीजची लस घेतल्याशिवाय मी कुणालाही कामाला उभं करत नाही.

मध्यंतरी जतकडचे एक शेतकरी कारवान जातीचं कुत्रं घेऊन आले होते. लांब तोंडाची, हडकुळी, वाऱ्यासारखी पळणारी ही आपल्या भागातली जात परक्याचा हात अजिबात सोसत नाही. पंजात काटा मोडून पू झाला होता, डॉक्टरांनी पट्टी बदलायला सांगितलं होतं आणि घरी ते जमत नव्हतं. कुत्रं मालकाच्या दोन्ही गुडघ्यांमध्ये बसलं, मालक त्याच्या मानेला खाजवत राहिले आणि माझ्याकडच्या एका मुलानं मागून खांद्यावरून हात सरकवत पंजा घेतला. पट्टी झाली. मालक म्हणाले, ‘म्या रानात असंच धरतो ह्याला, मला वाटलं शेरात काय येगळं करत्याल.’ त्यांना पुढच्या पट्ट्या घरीच करायला शिकवलं.

गणपती आणि दिवाळी हा आमचा सगळ्यात कठीण काळ. मिरजेची अनंत चतुर्दशीची मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते, आणि डॉल्बीचा दणका भिंतीतून पोटात जातो. आम्ही आतल्या खोल्यांना जाड पडदे, रात्रभर पंखे आणि जवळ एक माणूस, एवढं करतो. ज्यांची जनावरं आवाजाला फारच भितात त्यांनी श्रावणातच डॉक्टरांना गाठावं, ऐनवेळी धावून उपयोग होत नाही. पिल्लू असेल तर आणखी आधी. तीन आठवड्यांपासून साधारण चौदा आठवड्यांपर्यंत पिल्लू जे शांतपणे अनुभवतं, ते त्याला पुढे परकं वाटत नाही. म्हणून तीन महिन्यांच्या आतलं पिल्लू डॉक्टरांच्या सल्ल्यानं नुसतं टेबलावर बसायला, ड्रायर लांबून ऐकायला आणि खाऊ खाऊन घरी जायला आणा. त्याचे आम्ही पैसे घेत नाही.

यंदापासून दर शनिवारी दुपारी दुकान मालकांसाठी उघडं ठेवतो. शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातले सांगलीकडचे विद्यार्थीही सुट्टीत येऊन बसतात. पंजा हातात द्यायची सवय कशी लावायची, मांजराला न्यायची-आणायची टोपली घरात कायम उघडी ठेवून ती त्याची झोपायची जागा कशी करायची, एवढंच शिकवतो. पहिल्यांदा येणार असाल तर आदल्या दिवशी फोन करा, तुमच्या जनावराला कशाची भीती आहे आणि काय खायला आवडतं ते सांगा. डॉक्टरांची हरकत नसेल तर सकाळचं जेवण अर्धंच द्या. मांजराच्या टोपलीवर घरातला पंचा टाकून आणा. आणि गाडी लावल्यावर लगेच आत येऊ नका, बाहेर लिंबाखाली त्याला थोडं हुंगू द्या. आमच्यातलं कुणीतरी बाहेर येईल.